वाघ पलीकडे कशाला न्यायचा?

आमच्या घरी येणाऱ्याला चहाआधी कोडं मिळायचं. बाबा रत्नागिरीत हायस्कुलात गणित शिकवायचे आणि घरी आले तरी त्यांचं शिकवणं थांबत नसे. कोडं सुटलं तर माणूस कामाचा, नाहीतर चहा पिऊन जा बापडा. ‘अक्कल असली की सुख झक मारत मागून येतं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला सगळी कोडी सुटायची, म्हणून मी लाडकी. आईला विचारायच्या भानगडीत ते पडत नसत. कोडं सुरू झालं की ती आत निघून जाई. तिला त्यातलं कळत नाही, असं मीही खुशाल धरून चालले होते.

माझ्यासाठी स्थळं बघू लागले, तो ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. इतर लोक मुलाचा पगार बघत, बाबा कोडं घालत. तेही एकच. पूर्णगडची खाडी, काठावर वाघ, शेळी आणि गवताचा भारा. होडीत आपल्याबरोबर एकालाच जागा. आपण नसलो की वाघ शेळीला खाणार, शेळी गवत खाणार. तर तिघांना पलीकडे न्यायचं कसं?

पहिला मुलगा मुंबईचा इंजिनियर. दडपे पोह्यांचा दुसरा घास तोंडात असतानाच त्यानं उत्तर दिलं, वर बाबांनाच उलट एक कोडं घातलं. बाबा खूश. खरं सांगायचं तर मीही. आम्ही तिघं रंगून गेलो. आई सरबत ठेवून गेली, रिकामे पेले उचलून गेली. तिच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

त्यांचा होकार आला. पण आईनं तिच्या माहेरच्या ओळखीतलं पालीचं एक स्थळ आधीच सांगून ठेवलं होतं. ‘येऊ दे, बघून घेऊ,’ म्हणत बाबांनी इंजिनियराला कळवणं रविवारपर्यंत लांबवलं.

या दुसऱ्याचं पालीच्या बाजारात भांड्यांचं दुकान. नापास होणार हे ठाऊक असलेल्या पोराला पेपर द्यावा, तसं बाबांनी त्याला कोडं घातलं. त्यानं मन लावून ऐकलं, मग बराच वेळ डोकं खाजवलं. मला त्याची कीव यायला लागली.

‘पण सर,’ तो शेवटी म्हणाला, ‘वाघ पलीकडे कशाला न्यायचा हो? पलीकडच्यांनी आपलं काय वाईट केलंय?’

मी हसू पदरात दाबलं. पण आतून त्याहून मोठं हसणं ऐकू आलं आणि आई बाहेर आली, हातात पळी तशीच.

‘मी तरी वेगळं काय म्हटलं होतं हो?’ ती बाबांना म्हणाली. ‘लग्न होऊन आले नि आठ दिवसांत मला हेच घातलंत. मी हेच म्हटलं. तर सगळ्या घराला बोलावून सांगितलंत, ऐका हिची अक्कल!’

ती हसतच होती, पण डोळे भरले होते. ती इतकी वर्षं कोड्यापासून का पळायची, ते मला तेव्हा कळलं. इंजिनियराच्या घरी माझं उत्तर बरोबर येईल तोवर ठीक. एखाद्या दिवशी चुकलं तर?

मुलगा गेल्यावर बाबांनी विचारलं, ‘उत्तर नाही आलं त्याला. चालेल तुला?’

‘उत्तरं मला येतात की,’ मी म्हटलं. ‘चुकलं तरी कुणी हसणार नाही, असं घर हवंय मला.’

ते मिळालं. नवरा पत्त्यांत हरतो आणि हरल्यावर सगळ्यांना चहा करतो. अकलेवाचून चालतं असं मी म्हणणार नाही. आमचं दुकान माझ्याच अकलेवर तरलं. पण घरात मला कधी चुकायची भीती वाटली नाही, आणि सुख म्हणतात ते मला तरी यातच सापडलं.

पालीचा मुलगा येऊन गेला, त्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. आई भाकऱ्या थापत होती.

‘अगो,’ ते हळूच म्हणाले, ‘पण मग त्या वाघाचं करायचं काय?’

मी दाराशीच थबकले. उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांनी आईला विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाट त्यांच्याकडे सरकवला.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘सांगते.’