पाण्याची वेळ

अंदमानच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी घाटकोपरच्या चाळीतलं एक जोडपं बसलं होतं. नावं विचारायची राहूनच गेली. काका शहाळं पीत होते, काकू वाळूत पाय खुपसून निवांत. ऊन कललं तशा त्या एकदम उठल्या, पदर खोचला. "अहो, पाणी भरायचंय. नळ जाईल."

काकांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "बस गं. हे नाही जात."

काकू ओशाळून हसल्या आणि बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मग आता काय करायचं?"

काकांनी उरलेलं शहाळं त्यांच्या हातात दिलं.

पुढे आमची मुलुंडची चाळ पाडली. नव्या टॉवरमध्ये दिवसभर पाणी असतं. तरी ऊन कललं की मी उठते, नळापाशी जाते आणि तिथे नुसती उभी राहते.