खाडीस योग्य वाटल्यास

मी जन्मभर सरकारी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे लिहिले. एखादं वाक्य सरळ लिहायचं म्हटलं की माझा हात अडतो. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘यात काहीही अंतर्भूत असले तरी’ हे कुठेतरी घुसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्ही वाण्याला यादी दिलीत तर तो बिचारा आधी साहेबांची सही मागेल. निवृत्त झालो आणि हा हात आता चालवायचा कुठे, अशी पंचाईत झाली. ती भाचीनं सोडवली.

भाची इथेच रत्नागिरीत तंत्रनिकेतनात शिकवते. एका रविवारी जेवायला आली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे घेऊन. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. माझा एक बालमित्र आहे. मुंबईला गोदीत नोकरी करून परत आला आणि तेव्हापासून स्वतःच्या घरापेक्षा आमच्या पडवीत जास्त असतो. त्यानं पुस्तकातला ड्रॅगन पाहिला आणि म्हणाला, “ह्या जनावराला आपल्या खाडीत वळायला तरी जागा हाय काय रे?” झालं! आपला खेळ आपणच करायचा, असं भात वाढता वाढता ठरलं.

दाभोळच्या खाडीतून माल घेऊन निघणारी शिडाची होडी. होडीवर भाची आणि मित्र हे खलाशी. मी होडीवर नाही, मी खाडी. वारा मी, भरती-ओहोटी मी, मुखाशी आडवी पसरलेली वाळूची दांडीसुद्धा मीच. “खाडीनं सांगावं,” असं कुणी म्हटलं की मी बोलायचं. फाशांऐवजी पाच चिंचोके, एका बाजूनं चिऱ्यावर घासून पांढरे केलेले, आम्ही लहानपणी खेळायचो तसेच. तीन किंवा जास्त पांढरे पडले की जमलं.

बायको आधी आतूनच ऐकायची. ती प्राथमिक शाळेत बाई होती. माहेर आत डोंगरात, त्यामुळे पाण्याचं भय जबरदस्त. लग्न होऊन इतकी वर्षं इथे काढली, पण भाट्याच्या किनाऱ्यावर घोट्याच्या वर पाणी आलं की ही चप्पल शोधायला लागते. तिसऱ्या रविवारी हात पुसत बाहेर आली, चटईवर बसली आणि म्हणाली, “मी तांडेल.” म्हणजे होडीचा मुख्य.

मित्र म्हणाला, “वैनी, बाई कुठं तांडेल आसते?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “नियमात तसं लिहिलंय?”

नव्हतं लिहिलं. झाली तांडेल. आणि काय सांगू तुम्हाला, नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी “अहो, बघा हो” करून घर डोक्यावर घेणारी ही बाई, रविवारी सुकाणू धरून असे हुकूम सोडायची की मित्र निमूट शीड उतरवायचा. सोमवारी भाजी चिरताना मला विचारायची, “या वेळी दक्षिणेचा वारा ठेवताय का?” मी सांगायचो नाही. मला तेव्हा फार मजा येत होती, हे कबूल करतो.

आता माझा हात. कुणी हुज्जत घातली की मी लगेच नियम लिहायचो. चिंचोका उभा राहिला तर? नियम. दोघांनी एकाच वेळी टाकले तर? नियम. मग त्या नियमाला अपवाद, अपवादाला परंतुक, आणि सगळ्यांवर शुद्धिपत्रकं, डिंकानं चिकटवलेली. नियमांची लांबलचक वही फुगून मिटेनाशी झाली. एकाहत्तर नियम झाले. भाची म्हणाली, “मामा, हे कुणी वाचणार नाही.” मी म्हटलं, वाचायचे नसतात गं, हाताशी असायचे असतात. कचेरीत मी हेच शिकलो होतो आणि मला त्याचा अभिमान होता. कपाळ माझं!

मग तो रविवार आला. होडी मुखाशी, वाळूच्या दांडीवर लाटा फुटतायत, आणि मित्राचा खलाशी पाण्यात पडला. तांडेलीण म्हणाली, “मी उडी मारते.” पाच चिंचोके टाकले. एकच पांढरा. वहीप्रमाणे ती बुडाली.

मी तिचं तोंड पाहिलं आणि माझं धैर्य सुटलं. वही उघडली, पानं चाळली, चष्मा सारखा केला आणि अगदी कचेरीच्या आवाजात वाचलं, “पदरास लागलेला चिंचोका बाद समजण्यात यावा. पुन्हा टाकणे.”

“कुठाय तो नियम?” तिनं विचारलं. “दाखवा.”

दाखवणार काय, डोंबल? तिनं हात पुढे केलेला, आणि मी वही छातीशी धरून बसलेला. शेवटी म्हटलं, “खाडीस योग्य वाटल्यास, असं आहे ना वहीत मागे.” ते मात्र खरंच होतं, कितीतरी नियमांच्या शेपटाला मी ते शब्द जोडले होते. ती उठली, म्हणाली, “मला तांदूळ निवडायचेत,” आणि आत गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चहा बाहेर यायचा, सोबत खोबऱ्याची वडीसुद्धा यायची, पण ती यायची नाही. मीही भडकलो होतो. तुझ्याचसाठी केलं ना? मग तोंड कशाला फिरवायचं? महिनाभर मी फुगून बसलो. एकदा स्वयंपाकघरात जाऊन हे बोललोसुद्धा, जरा चढ्या आवाजात.

तिनं गॅस बारीक केला. “शाळेत एखाद्या पोराला मी दोन मार्क जास्त दिले तर घरचे खूश व्हायचे. पण पोराला कळायचं, बाई आपल्याला कच्चं धरतात. तुम्ही मला कच्ची धरलीत.” मग म्हणाली, “ते पाणी मला बुडवू शकतं म्हणून मी उडी मारत होते. तुम्ही बुडूच देणार नसाल तर मी कसली उडी मारली? आजवरच्या सगळ्याच उड्या खोट्या झाल्या की हो.”

परसात जाऊन उगाच झावळ्या ओढत बसलो. लाज वाटली, अगदी खरी लाज. इतक्या वर्षांत ही बाई एका गोष्टीत निर्भय झाली होती आणि तीच मी तिच्या हातातून काढून घेतली होती. ती परत चटईवर येऊन बसेल असे नियम लिहायचे, नाहीतर खेळ बंद, असं मी मनाशी ठरवलं.

भाचीनं पद्धत सांगितली. “लिहिणारा घरात नसताना खेळता आलं, तर ते नियम. नाहीतर ते तुमचं बोलणं.” मी एकाहत्तराचे वीस केले, कागद भाचीच्या आणि मित्राच्या हाती दिला, मित्राला खाडी केलं आणि स्वतः भाट्याला फिरायला गेलो. दोन तासांनी परत आलो तर रस्त्यावरूनच आवाज ऐकू येत होता. मित्र ओरडत होता, “अगो, ‘योग्य वाटल्यास’ म्हंजे कोणाला? आता खाडी मी हाय, मला वाटतं!” भाचीनं लाल पेनानं कागदावर गोल काढून ठेवले होते. सात ठिकाणी ‘योग्य वाटल्यास’. भांडणं झाली ती नेमकी त्या सात ठिकाणी. माझी लबाडी शिरली होती तीही तिथूनच. कचेरीत हे दोन शब्द आमचं छत्र होतं, त्याखाली साहेबही सुटायचे आणि आम्हीही.

ते काढताना जीव जात होता हो. एक काढला की वाटायचं, आता उद्या काही भलतंच झालं तर मी काय करू? मग कळायचं, भलतं होणार असेल तर ते आधीच बोलून ठेवायचं. रोज सकाळी चहाबरोबर एकेक ओळ खोडत गेलो. मित्र आणि भाची माझ्या पाठीमागे खेळून बघायचे, अडायचे, मी दुरुस्त करायचो. आणखी दोन महिन्यांनी सगळं कॅलेंडरच्या एका पानामागे मावलं, तेही मोठ्या अक्षरात. तीन चिंचोक्यांचा नियम जुनाच. नवीन म्हणजे, चिंचोके टाकण्याआधी खाडीनं दोन्ही गोष्टी मोठ्यानं सांगायच्या, जमलं तर काय आणि फसलं तर काय. ऐकून कुणाला मागे फिरायचं असेल तर खुशाल फिरावं. आणि शेवटची ओळ, ‘चिंचोके टाकल्यावर शक्यतो नियम बदलायचा नाही.’

ते पान मी फ्रिजवर लावलं. काही बोललो नाही. दोन दिवस तिनं बघितल्याचं दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर शेवटच्या ओळीतला ‘शक्यतो’ लाल शाईनं खोडलेला, आणि खाली शाळेतल्यासारखी बरोबरची खूण.

रविवारी ती आली. चटईवर बसली, पाय दुमडून, पदर खोचून. मित्र म्हणाला, “या तांडेल,” आणि स्वतः सरकून जागा केली. ती म्हणाली, “होडी मुखाशी. तिथूनच सुरू करा. हा पाण्यात पडलाय. मी उडी मारते. खाडीनं सांगावं.”

मी सांगायला लागलो. “जमलं तर त्याला घेऊन होडीवर येशील. फसलं तर तो काठाला लागेल, आणि तू...” थांबलो. तिघंही माझ्याकडे बघत होती. “तू बुडशील.”

एवढ्या वर्षांच्या संसारात हे शब्द तिला म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. खेळ असला म्हणून काय झालं?

“ऐकलं,” ती म्हणाली आणि टाकले.

दोन पांढरे, दोन काळे. पाचवा घरंगळत मित्राच्या गुडघ्याखाली गेला. त्यानं हळूच गुडघा उचलला. काळा. कुणी त्याला हात लावला नाही. माझा हात सवयीनं वहीकडे गेला, पण तिथे वही नव्हतीच, ती मी कधीच माळ्यावर टाकली होती.

“बुडाली,” मी म्हटलं.

ती ताठ बसली होती. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर असा आनंद की मी बघतच राहिलो. “कशी बुडाली ते सांगा,” म्हणाली, “घाई करू नका.” मी सांगितलं. लाट कशी आली, तिनं त्याला कसं वर ढकललं, तो काठाला लागेपर्यंत तिचा हात कसा दिसत होता. मित्र नाक ओढत होता, आणि विचारलं तर म्हणाला, सर्दी झालीय. भाचीनं कागदावर नवीन खलाशी लिहायला घेतला. बायकोनं सगळ्यांना चहा टाकला आणि त्यात आलं जरा जास्तच पडलं.

संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, “भाट्याला जाऊया.” ओहोटी होती. तिनं चपला वाळूत काढल्या, त्या कुठे आहेत हे वळून बघितलंही नाही, आणि पाणी घोट्यापर्यंत आलं तिथे थांबली. माझा हात घट्ट धरला.

“खाडीनं सांगावं,” ती म्हणाली. “फसलं तर काय?”

मी लाटांकडे नीट पाहून घेतलं. काही पदरचं घातलं नाही, काही लपवलं नाही.

“साडी भिजेल,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

तिनं माझा हात सोडला आणि गुडघाभर पाण्यात गेली.