रुमालाखालचा भाव

"निरीक्षण रंजक आहे, पण पुरावा कुठे आहे?" तोंडी परीक्षेत मला हे विचारलं आणि माझं डोकं फिरलं. समोर तीन परीक्षक. तिघांपैकी एकानंही जन्मात एखादा बोकड विकला नसेल. मी म्हणालो, "सर, पुरावा रुमालाखाली आहे. हात घाला, मग कळेल." तिघंही हसले. प्रबंध परत आला, सुधारून पुन्हा सादर करा म्हणून. तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि मी तो कमी होऊ देणार नाही.

मी शिरूरचा. शेळ्या-बोकडांची दलाली करतो. बापानं मला काही ठेवलं नाही. आहे ते मी जिभेच्या जोरावर मिळवलं. एकदा चोरीच्या शेळ्या घेतल्याच्या खोट्या संशयावरून मला चौकीत बसवून ठेवलं होतं. सोडवायला आलेल्या वकिलाच्या तोंडून 'मानवी हक्क' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आपल्या मालकीची एक वस्तू आहे आणि आपल्याला तिचा भावच ठाऊक नाही, हे मला फार लागलं. मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आणि पुढं पुण्यात मानवी हक्कांच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली पोरं माझ्या मुलांच्या वयाची. मी फी कमी करून मागितली तेव्हा ऑफिसातला कारकून म्हणाला, "काका, हा बाजार नाही." मी म्हणालो, "मग खिडकीत का बसलाय?"

वंशसंहार कसा रोखता येतो, यावर एक अख्खा पेपर होता. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, की तो शस्त्रांनी सुरू होत नाही. आधी शेजाऱ्याला वेगळा काढून चारचौघांत दाखवतात. मग त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला लाज वाटायला लावतात. मी त्यांच्याशी भांडायचो. "मॅडम, हे परदेशातलं झालं. आमच्याकडं माणूस माणसावाचून धंदा करू शकत नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाजारात बघा आणि तेच लिहा." तोच माझा प्रबंधाचा विषय झाला.

आमचा आठवडे बाजार शिरूर-दौंड रस्त्यावरच्या एका गावात भरतो. जनावरांच्या बाजूला भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हात पुढं करतात, वर रुमाल टाकतात आणि आतून बोटं दाबतात. कोणत्या बोटाला किती, हे ठरलेलं असतं. मूठ मिटली म्हणजे सौदा मोडला. भोवती कितीही गर्दी असो, कुणी कुणाला कितीला दिलं ते बाहेर पडत नाही. अडलेल्याची अब्रू राहते आणि घेणाऱ्याची चलाखीही झाकली जाते.

दौंडचे एक मुसलमान व्यापारी या बाजारात मला मिसरूड फुटायच्या आधीपासून येत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कुंपणाजवळच्या बाभळीखाली त्यांचा टेम्पो लागायचा. माणूस महाचिवट. शेवटच्या शंभर रुपयांसाठी ते माझा हात पार घामेजेपर्यंत सोडत नसत. मी कॉलेजात जायला लागल्यावर मला प्रोफेसर म्हणायला लागले. "काय प्रोफेसर, आज शाळंला सुट्टी? मग भाव तरी शिकल्यासारखा सांगा."

एका बाजारी मी आणि चाचांनी रुमाल टाकला आणि चार पोरं येऊन उभी राहिली. परकी नव्हती, आमच्याच भागातली. एकाच्या हातात मोबाईल, शूटिंग चालू.

"मामा, रुमाल काढा."

"का रे?"

"यांना कोण माल देतंय ते गावाला दिसूद्या. तोंडानं बोला."

"सगळ्यांनीच तोंडानं बोलायचं का?"

"न्हाई. बाकीच्यांचं चालूद्या."

मी भडकलो. "तुझ्या बापानं पहिली शेळी माझ्याकडून नेली, तवा ह्याच रुमालाखाली हात घातला होता."

"तवा मोबाईल नव्हतं मामा," तो म्हणाला आणि बाकीचे हसले. त्यांच्यापैकी एकही आवाज चढवून बोलला नाही. माझाच तेवढा चढला होता.

चाचांनी हळूच हात काढून घेतला.

त्यानंतर कुणी कुणाला मारलं नाही, धमकी दिली नाही. पण शेतकरी चाचांसमोर आले की बोकडाचा दोर आखडून धरायचे. "आज इकायचा न्हाई चाचा, नुसता फिरवायला आणलाय." पुढं जाऊन तोच बोकड दुसऱ्याला कमी पैशांत द्यायचे. बकरी ईद तोंडावर आली तरी भाव चढला नाही. इतक्या वर्षांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं मी प्रबंधात लिहिलं. परीक्षक म्हणाले, भाव पडायला इतर कारणंही असू शकतात. असू शकतात ना! मीही आयुष्यभर शेतकऱ्यांना तेच सांगत आलोय.

ईदच्या अलीकडच्या बाजारी मी हट्टानं माझी सगळी बोकडं चाचांसमोर उभी केली आणि सगळ्यांदेखत रुमाल टाकला. सुरुवातीला नेहमीच भाव फुगवून सांगायचा असतो. मी फुगवलेला आकडा दाबला. चाचांनी तेवढाच उलट दाबला.

मला वाटलं त्यांची चूक झाली. मी परत दाबला, तरी तेच.

"चाचा, भाव का करत न्हाई?" रुमालाखालचा हात न काढताच मी खेकसलो.

"हां, ठीक आहे. भरा टेम्पोत."

"ठीक कसं? मी तुम्हाला लुटतोय!"

"लुटा की हो प्रोफेसर," ते हसून म्हणाले, "आपलाच माणूस लुटतोय."

एवढा नफा मला कधी झाला नव्हता आणि एवढा संतापही कधी आला नव्हता. पुढच्या आठवड्यात ज्याच्याशी गाठ पडायची आहे, त्याच्याशी माणूस घासाघीस करतो. चाचांनी ती सोडून दिली होती. पुढच्या बाजारी बाभळीखाली टेम्पो नव्हता.

मी दौंडला गेलो. चाचांच्या दारात सामान बांधायला काढलेलं होतं. धाकट्या भावाकडं सोलापूरला जातोय, म्हणाले. चहा आला. मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि एक बोट दाबलं. एकच बाजार, एवढंच मागत होतो. बाभळीखाली मी शेजारी बसेन, भांडण माझ्या अंगावर घेईन, एकदा येऊन जा. हे मी तोंडानं बोललो नाही. त्यांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते मला दिसलं.

रुमालाखाली त्यांची मूठ मिटलेली होती. मी बोटानं उघडायला गेलो. उघडली नाही. म्हाताऱ्याच्या हातात तेवढा जोर अजून होता.

परतताना मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढच्या बाजारात काय होतं, ते बघाल का?"

गेलो. बाभळीखाली आपल्यातल्याच एका नव्या माणसानं टेम्पो लावला होता. मला माझ्याच भावकीतले आप्पा भेटले, दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, विकायला आणलेल्या. मी हात पुढं केला, रुमाल टाकायला गेलो. आप्पांनी हात मागं घेतला आणि आजूबाजूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भाव सांगितला.

"आप्पा, मी हाय. मला का मोठ्यानं सांगताय?"

"असूद्या," ते म्हणाले. "तुम्ही तिकडं दौंडला जाऊन आलाय म्हंत्यात."

मी मागं वळून पाहिलं. मोबाईल घेतलेली पोरं त्या दिवशी बाजारात आलेलीच नव्हती.