मानांग कोन्सिंगची मनःशांती

कोन्सोलासियोन या नावाचा अर्थ सांत्वन. मानांग कोन्सिंगकडून, म्हणजे कोन्सोलासियोनताईकडून, ते कुणाला मिळाल्याचं मात्र फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जन्मभर तिने शाळेत मुख्याध्यापकी केली. निवृत्त झाल्यावर वर्गात एकटा नवराच उरला, आणि त्याने लवकरच देवाघरी बदली करून घेतली. मग डॉक्टरांनी तिचा रक्तदाब पाहिला आणि डोकं शांत ठेवायला बजावलं.

मनिलाच्या भाचीने उपाय धाडला: जाड कागदाचे चौकोनी तुकडे आणि काळी पेनं. नुसत्या रेघोट्या ओढायच्या. वेटोळी, जाळ्या, ठिपके, हाताला येईल ते. आधी काही ठरवायचं नाही, खोडायचं नाही, चूक अशी काही नसतेच. हात चालता राहतो, मन निवतं आणि निवलेल्या मनात देव येऊन बसतो.

मानांगला हे फार पटलं. इतकं, की ते न पटणाऱ्यांना ती सोडीना. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात तिने बायकांचा वर्ग भरवला. बोलायचं नाही, हसायचं नाही, पाठ ताठ. ती बाकांमधून फिरे आणि एखादीच्या कागदाशी थबकून म्हणे, "इथे चूक नसते हे खरं, पण ही चूक आहे."

बेबांग तिची नणंद. गोल, हसरी, जिथे बसेल तिथे खाऊ काढणारी. ती पहिल्याच दिवशी कोंबडा काढून मोकळी झाली. ज्याला नाव आहे असं काही काढायचं नसतं, असं मानांगने सुनावलं, तेव्हा बेबांग म्हणाली, "मग याला नाव नको ठेवूस."

उपवासकाळ आला तसं पाद्रींनी ठरवलं, की बिशप येणार आहेत तर ही चित्रं भिंतीवर लावू. त्याच्या आधीच्या गुरुवारी बेबांग आदल्या रात्री एका मयताच्या घरी रिवाजाप्रमाणे रात्र जागवायला पहाटेपर्यंत पत्ते खेळून आलेली. चार वेटोळी काढली आणि तिची मान कलली. हातातलं पेन कागदभर घसरत कडेवरून खाली गेलं. घोरणं ऐकून सगळ्याजणी पदरात तोंड खुपसावं तशा रुमालात हसल्या. मानांग लालबुंद झाली. तो कागद तिने गठ्ठ्याच्या तळाशी घातला, पण पाद्रींनी गठ्ठाच्या गठ्ठा भिंतीवर चढवला.

बिशप आले. मानांगच्या बारीक, आखीव जाळीवरून त्यांची नजर भिंतीवरच्या डागावरून जावी तशी पुढे सरकली. बेबांगच्या कागदाशी ते थांबले. कडेबाहेर निघून गेलेल्या त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "या बाईने स्वतःला देवाच्या हवाली केलंय." पाद्रींनी डोळे मिटले. बेबांग खोकली.

पुढच्या गुरुवारी झाडून सगळ्यांच्या रेघा कडेबाहेर गेल्या. बेबांग मात्र आलीच नाही. तिला वर्गाचा कंटाळा आला होता. मानांगने घरी दार लावून बरेच कागद खराब केले. तिची रेघ कडेशी येऊन सावधान उभी राही. शेवटी गिळता येईल तेवढा अभिमान गिळून ती नणंदेच्या दारात गेली.

"कसं केलंस ते सांग," ती म्हणाली.

"आधी जेव," बेबांग म्हणाली.

तिने ताटभर पान्सितच्या शेवया वाढल्या, वर भात, वर तळलेली मासळी. मग शेजारणींच्या भानगडी निघाल्या. एकीच्या सुनेचं नाव घेता घेता मानांगचा आवाज जड झाला, आणि नवरा गेल्यापासून प्रथमच ती भरदुपारी गाढ झोपली, तोंड उघडं टाकून, नणंदेच्या वेताच्या खुर्चीत. बेबांगने पंखा तिच्याकडे वळवला आणि भांडी आवाज न करता घासली.

दिवे लागायच्या सुमारास मानांगला जाग आली. चेहरा लहान पोरीसारखा निवांत दिसत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि भुवया जागच्या जागी आल्या.

"अगं करंटे," ती म्हणाली, "मला झोप लागली होती तर हातात पेन द्यायला काय झालं होतं?"