माशाचं पाणी

जीप सुरू झाली तरी बाबांनी खिडकीवरचा हात काढला नव्हता. मागच्या सीटवर नारळांचं पोतं, सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, डबा, माझी ट्रंक आणि त्या सगळ्यात कोंबलेली मी, नव्या साडीत घामाघूम. आई केव्हाच रडून मोकळी झाली होती. बाबा रडणाऱ्यातले नव्हेत. खाडीकडे बघत ते एवढंच म्हणाले, "थय कोणाकडे पाणी मागू नको गो. ते देतले, पण तू मागू नको." मी मनात म्हटलं, लेक सासरी चाललीय आणि ह्या माणसाला पाण्याचं सुचतंय! मग जीप पुलावर चढली आणि ओहोटीच्या चिखलाचा कुबट वास आत आला. मी नाकाला पदर लावला.

तुम्ही जे तिथंच किनाऱ्यावर राहिलात, आणि ज्या माझ्यासारख्या घाट चढून कुठं कुठं जाऊन पडलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. फोनवर तुम्ही विचारता, "काय गो, त्या फिशटँकाचा काय झाला?" आणि मी विषय बदलते. आता सांगते. माझ्या भाषेची खिचडी झालीय, ती तेवढी पोटात घाला.

धाराशिवात आमचं घर शहराच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये. नवरा सुमेध कोर्टात क्लार्क, मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. इकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मामांना मी पाहिलं ते फक्त भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या फोटोत. माझ्या लग्नाआधीच ते गेले. त्यांची रक्षा नदीला न नेता अंगणात खड्डा घेऊन त्यात घातली, वर केशर आंब्याचं कलम लावलं आणि भंतेजींनी वंदना घेतली. इकडं आता बरीच घरं असं करतात. आत्यांनी त्याच दिवशी झाडाशेजारी एक शहाबादी फरशी टाकून घेतली आणि सगळ्यांना बजावलं, "ही जागा माझी. माझी बी राख हितंच घालायची, ह्यांच्या शेजारी. दुसरीकडं कुठं न्ह्याल तर बघा!" मी नवीन होते, कपडे वाळत घालताना त्या फरशीवर उभी राहिले, तर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझ्यावर उभी ऱ्हाऊ नगंस गं!" माझ्या हातातली चादर खाली पडली.

आणि पाणी. मी विहिरीवर कळशी उपडी करून पाय धुणारी पोर. इथं नळाला पाणी येईल तेव्हा येईल, बाकी बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. आत्यांच्या घरात पाणी वाया जातच नाही. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला, भांडी विसळलेलं शेवग्याला, फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं फरशी पुसायला. पहिल्याच आठवड्यात मी पेल्यातलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि त्या हातात तांब्या घेऊन माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

समुद्राची आठवण येते हे सांगायचं कुणाला? सुमेधला सांगितलं तर तो म्हणायचा, "जाऊ की दिवाळीत." दिवाळी यायची आणि जायची. मग एकदा मोबाईलवर बघितलं की खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवता येते, प्रवाळासकट. झालं, वेडच लागलं मला. इथल्याच काचवाल्याकडून दोन फुटी टाकी करून घेतली. पुण्याहून पार्सलनं पांढरे भोकाभोकांचे दगड आले, वाळू आली, समुद्री मिठाची पिशवी आली. फिल्टरचं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात मीठ ढवळायचं, एका छोट्या यंत्राच्या काचेवर थेंब टाकून खारटपणा बघायचा. सगळं जुळून आलं की टाकी भरायची आणि गप्प बसायचं. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करेपर्यंत मासा सोडायचा नाही. घाई केली तर तो आपल्याच घाणीनं मरतो. तेव्हा कित्येक आठवडे टाकीत नुसते दगड. आत्या रोज कमरेवर हात ठेवून बघायच्या. शेजारच्या रुक्मिणबाईंना कुंपणावरून सांगायच्या, "आमच्या सूनबाईनं दगडं पाळल्यात. लई गुणाची हाईत, खायला मागत न्हाईत."

मग दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, उतरलं, आणि पुण्याच्या दुकानातून पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे आले, एक तांबडी कोळंबी आली आणि बोटाएवढ्या मऊ प्रवाळाचा तुकडा आला. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलायला बंदी आहे, हे परदेशात शेतीसारखं वाढवलेलं. संध्याकाळी निळ्या दिव्याखाली त्यानं आपली बोटं उघडली, पाण्याबरोबर हलवायला लागलं, आणि मी तिथंच बसून भडाभडा रडले. आत्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "रड की. म्हायेर आलंय तुझं घरात."

बाबांना व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. मला वाटलं कौतुक करतील. "दर्या कोणी घरात आणूक नाय गो," ते म्हणाले. "तो काचेत रवाचो नाय." मी हसून फोन ठेवला.

राहिला नाहीच तो काचेत. पंपाचे बारीक तुषार उडतात, ते वाळले की मीठ मागं राहतं. टाकीच्या काठाला पांढरी कड आली. मग ती वायरीवर चढली, मग भिंतीवर. पुसली की चार दिवसांत परत. स्टँडचे स्क्रू गंजले, भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले. एक दिवस मामांच्या फोटोच्या काचेवर खालच्या बाजूनं काहीतरी धुरकट चढलेलं दिसलं. बोट लावलं तर खरखरीत. मी ओल्या फडक्यानं काच पुसली आणि कुणाला काही बोलले नाही. का कुणास ठाऊक, मला त्या दिवशी भीती वाटली.

दर रविवारी टाकीतलं एक बादली पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं खारं पाणी भरायचं, हा नियमच आहे. काढलेली बादली मी मोरीत ठेवायची. "मी टाकते, तू जा तुझ्या कामाला," आत्या म्हणायच्या. सासू मदत करतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी जायची.

त्या वर्षी आंब्याला मोहर आला नाही. पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग शेंडे वाळायला लागले. कृषी केंद्रातून औषध आणून फवारलं, काही फरक नाही. रुक्मिणबाई कुंपणाला टेकून हळूच म्हणाल्या, "कुणीतरी कायतरी पुरलंय बघा हितं. आमच्या गावाकडं एक बघणारा हाय." आत्या फटकन बोलल्या, "आमच्यात तसलं मानत न्हाईत. बाबासाहेबांनी काढून टाकलंय ते डोक्यातनं." रुक्मिणबाई तोंड पाडून गेल्या. पण त्याच दुपारी मी कामावरून लवकर आले, तर आत्या खुरपं घेऊन खोडाभोवतीची माती उकरत होत्या. मला बघून त्यांनी खुरपं पदराखाली घेतलं. "तण काढत हुते," म्हणाल्या. तिथं तण नव्हतंच. त्या खोडाभोवती आता गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती.

त्यांचं जेवण तुटलं. भाकरी थापता थापता, भाव विचारावा तसं सहज म्हणाल्या, "ह्यो वाळला की म्या बी गेले." सुमेध चिडला, "काय अभद्र बोलतीस आई!" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. आणि घरात टाकी बघाल तर! प्रवाळ पसरून शेजारच्या दगडावर चढलं होतं, मासे चमचम करत होते, अशी टाकी धाराशिवात कुणाकडं नसेल. पंप रात्रंदिवस घरघरायचा. मला त्या आवाजानं पूर्वी झोप लागायची, आता लागेना.

एका रविवारी मी झाडाखाली पडलेलं पान उचललं. मधे हिरवं, कडेनं इस्त्री लागल्यासारखं करपलेलं. हे पान मी ओळखत होते. आमच्या खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटला आणि उधाणाचं पाणी भातात शिरलं, तेव्हा पात्यांच्या कडा अश्शाच जळाल्या होत्या. पण धाराशिवात कुठून यायचं उधाण? मी मागं वळले तर आत्या बादली घेऊन पायरी उतरत होत्या.

त्यांनी मला पाहिलं नाही. खोडाजवळ उकिडव्या बसल्या आणि तांब्या तांब्यानं पाणी घालायला लागल्या, कुणाला पाजावं तसं सावकाश. "घ्या. प्या बरं. माशाचं हाय, ताकदीचं."

"आत्या, हे काय करताय?"

"अगं, माशाचं पाणी म्हंजी खतच की! शेततळ्यात मासं सोडलं की त्याच पाण्यावर पीक कसं फोफावतंय. तुझ्या मामांनी सोता केलंय अणदूरच्या रानात. आन् हे असलं पाणी मोरीत घालायचं व्हय? पहिल्यापासनं एक थेंब वाया घालिवला न्हाई म्या." त्यांच्या तोंडावर केवढा अभिमान होता! मग बादलीत डोकावून म्हणाल्या, "वाळाया लागलंय म्हणून म्हणते, आता रोज एक बादली काढत जा की. लवकर ताकद येईल त्याला."

मी नुसती बादली धरून ठेवली. त्या ओढत होत्या आणि मी सोडत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग खाली. खोडाभोवती माती पांढरी पडली होती. त्यांनी बोट ओलं केलं, मातीला टेकवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय की गं," त्या म्हणाल्या.

माझ्यावर ओरडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांनी फक्त तांब्या पालथा घातला आणि खोडावर हात ठेवला.

कृषी केंद्रवाला म्हणाला, जिप्सम टाका आणि मुबलक गोडं पाणी सोडा, मीठ खाली जाईल. मुबलक! ऐन उन्हाळ्यात! पण सुमेधनं टँकर बोलावला आणि पाईप आत्यांनी स्वतः धरला. प्यायचं पाणी मातीत सोडताना बघून गल्ली बाहेर आली. "अवं काय करताय, याड लागलं का?" रुक्मिणबाई ओरडल्या. आत्यांनी मान वर केली नाही. टँकर रिकामा होईपर्यंत त्या अनवाणी चिखलात उभ्या होत्या. पण काळ्या मातीतून पाणी खाली उतरेना, वरच तळं साचलं. उन्हानं ते आटलं आणि माती परत पांढरी झाली. पावसाळाभर वाट बघितली. शेवटी सुमेधनं नखानं साल खरवडून बघितलं, आत हिरवं काही उरलं नव्हतं.

फरशी आत्यांनी स्वतः उखडली. तिच्यावर आता कपडे धुतात.

टाकी मोडायची म्हणून मी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला, तर आत्यांनी मोबाईल हातातून काढून घेतला. "त्या जिवांनी काय केलंय? ऱ्हाऊ दे." त्यानंतर त्या रोज दुपारी टाकीसमोर येऊन बसायला लागल्या. त्यांचं ते बसणं मला बघवत नसे. एकदा त्यांनी विचारलं, "खरा दर्या लई मोठा असंल न्हवं?" त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. मी सांगितलं, मोठा आहे, पलीकडचा काठ दिसत नाही.

"मग त्यात आणिक मीठ पडलं तर?"

"काही होत नाही आत्या. तिथं आधीचंच आहे."

"तर मग मला तिकडं न्हे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नेते की, सुटी काढते, पुढच्या महिन्यात जाऊ. "तसं न्हवं गं. मेल्यावर. हितल्या मातीत आता माझ्यातनं कायबी उगवायचं न्हाई. आन् येकटीला नगं न्हेऊ. खोडाखालची मूठभर माती बी घे. ह्यांच्यात बी मीठच हाय आता." आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "सुमेधला सांगू नगंस. रडंल त्यो."

मी हो म्हटलं. तेव्हापासून मी तिकडं आलेले नाही. सुटी मिळते, मनात येतं, पण बॅग काढली की आत्या दारात येऊन विचारतात, "मला न घेताच निघालीस व्हय?" आणि हसतात. मी बॅग माळ्यावर टाकते. तुम्ही विचारता, घरी कधी येतेस? येईन. त्या दोघांना घेऊनच येईन. ते यायचं लांबावं म्हणून रोज आत्यांच्या ताटात मी एक भाकरी जास्त वाढते, आणि त्यांनी ती संपवेपर्यंत समोरून हलत नाही.