आमच्यात दोघेही काकाच

विंग चुन या चिनी युद्धकलेच्या दोन घराण्यांतला फरक मी एके काळी कुणालाही ऐकवायचो. ऑफिसातल्या लंचला, मराठी मंडळाच्या दिवाळीत, समोरचा जांभई देईपर्यंत. आमच्या मार्कहॅमच्या घराण्यात वळताना वजन दोन्ही पायांवर सारखं राहतं आणि वळायचं तळपायाच्या मध्यावर. हॅमिल्टनच्या घराण्यात टाचेवर वळतात, वजन जवळजवळ सगळं मागच्या पायावर जातं. आमचं कोपर खाली, त्यांचं जरा वर. या तुलनेचे व्हिडिओही मी नेटवर टाकत होतो. मूळ रूप आमच्याकडे टिकलं आणि तिकडे बिघडलं, हे त्यात थेट म्हटलं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला कळावं अशी सोय केली होती.

एकदा माझ्या मुलीने दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले. म्हणाली, "बाबा, दे आर डूइंग द सेम थिंग."

"नीट बघ. पाय बघ."

"आय अ‍ॅम लुकिंग अ‍ॅट द पाय."

बायको आतून म्हणाली, "पन्नाशीला टेकलास. आता पाय वाकतोय तोवर वाकव म्हणजे झालं."

आमचे सिफू, म्हणजे गुरुजी, सत्तरी ओलांडलेले. एका प्लाझातल्या बेसमेंटमध्ये रविवारी वर्ग घेतात. वर्गाच्या शेवटी ते रांगेतल्या प्रत्येकासमोर येतात, आपली मनगटं त्याच्या मनगटांना टेकवतात आणि थोडा वेळ हात फिरवतात. पकडायचं नाही, सोडायचंही नाही. समोरच्याचं मन कुठे चाललंय ते त्वचेने ओळखायचं, असा तो सराव. चाळिशीत इथे कॅनडात येऊन मी नोकरीत पुन्हा खालून सुरुवात केली होती, माझा मॅनेजर माझ्यापेक्षा बराच लहान. त्या बेसमेंटमध्ये मात्र पोरं मला थोरला गुरुबंधू म्हणायची. ते मला हवं होतं, फार हवं होतं.

हॅमिल्टनचे गुरू आणि आमचे सिफू हाँगकाँगमध्ये एकाच गुरूकडे शिकलेले. कॅनडात आल्यावर त्यांचं बोलणं तुटलं. का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मग एका नोव्हेंबरात सिफूंनी मला सांगितलं, "तो जेवायला यायला तयार झालाय. तू मला घेऊन चल."

 गाडीत ते त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "वर्गाच्या पाटीवर मी लिहिलंय, गुरूंचा पहिला शिष्य. पहिला मी नाही. तो आहे."

मी म्हटलं, "पण तुम्ही वयाने मोठे ना?"

"वय मोजत नाहीत. गुरूच्या दारात आधी कोण आला, ते मोजतात. तो वयाने लहान, पण आधी आला. पाटी लावली आणि काढायची लाज वाटली."

मग त्यांनी मला दोन शब्द समजावले. गुरूचा थोरला भाऊ तो सीबाक, धाकटा तो सीसुक. "चहा देताना तू त्याला सीबाक म्हण. माझ्या तोंडून निघत नाही. तू म्हणालास की त्याला कळेल, मी शिकवलंय." सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्याकडून तो शब्द म्हणून घेतला. पुन्हा म्हणून घेतला. म्हाताऱ्या माणसाची माफी माझ्या जिभेवर ठेवली होती त्यांनी.

रेस्टॉरंटमध्ये हॅमिल्टनचे गुरू आधीच येऊन बसले होते. बारीक अंगाचे, कोट न काढलेले. दोघे एकमेकांकडे बघून किंचित हसले. खाण्याच्या वाफाळत्या टोपल्या आल्या. मी उठलो, चहा ओतला, दोन्ही हातांनी पेला पुढे केला आणि म्हटलं, "सीसुक, चहा घ्या."

जीभ घसरली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ती घसरली नव्हती. पेला उचलता उचलता माझ्या मनात आलं होतं की हे थोरले, तर आपलं घराणं धाकटं. मग माझे व्हिडिओ, माझी ती पोरं, माझं थोरलेपण सगळंच धाकटं. एवढ्याशा विचाराला किती वेळ लागतो? शब्द बदलायला पुरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सिफूंकडे बघून, पण मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "तुझा शिष्य नीट शिकलाय." पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. मग ४०३ हायवेवर बर्फ पडायच्या आत निघायला हवं म्हणाले. बर्फ त्या दिवशी पडणार नव्हता.

परतताना सिफूंनी विचारलं, "विसरलास?"

"हो सिफू. आमच्या भाषेत दोन शब्दच नाहीत. वडिलांचा थोरला भाऊ असो की धाकटा, दोघेही काकाच."

"काका," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझी चूक नाही. मी फोन करून सांगेन."

थोरले काका, धाकटे काका असं आम्हीही म्हणतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी फोन केले. पलीकडून कुणी उचलले नाहीत. फेब्रुवारीत हॅमिल्टनचे गुरू हृदयविकाराने गेले. अंत्यविधीत सिफू धाकट्या भावाने वाकावं तसे वाकले. वर्गाची पाटी त्यांनी उतरवली. मग आम्हाला टाचेवर वळायला शिकवू लागले. "हे माझ्या थोरल्या भावाचं," एवढंच सांगत. माझी टाच वळत नव्हती.

बर्फ वितळल्यावर त्यांनी मला हॅमिल्टनला न्यायला सांगितलं, वहिनींना, म्हणजे त्या गुरूंच्या पत्नीला भेटायला. त्या बाईंनी चहा दिला. सिफू त्यांच्याशी कँटोनीजमध्ये हळू आवाजात बोलत राहिले. मला काही कळत नव्हतं. मध्येच एक शब्द कळला. काका. माझ्याकडे हात करून ते पुन्हा म्हणाले, काका. उच्चार अगदी स्वच्छ होता, घोकल्यासारखा. बाई माझ्याकडे बघून समजुतीने हसल्या.

परतताना ओकव्हिलपाशी मी हायवे सोडला आणि एका कॉफीशॉपसमोर गाडी लावली. आत बसल्यावर सिफूंना सांगितलं. विसरलो नव्हतो. शब्द माहीत होता. मुद्दाम म्हणालो. आणि काकांचं ते सगळं खोटं होतं.

ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "कॉफी गार होतेय."

मी प्यायलो. मार्कहॅमला त्यांच्या दाराशी उतरताना ते म्हणाले, "रविवारी ये."

मी गेलो. अजूनही जातो. माझ्या नमस्काराला ते मान हलवतात, मी दिलेला चहा पितात. व्हिडिओ मी काढून टाकले, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वर्गाच्या शेवटी मी इतरांसारखा रांगेत उभा राहतो, दोन्ही मनगटं पुढे करून. ते एकेकाचे हात घेत येतात. माझ्यासमोर थांबतात, "कोपर खाली," म्हणतात. मी कोपर खाली घेतो. तोवर त्यांनी पुढच्या मुलाच्या मनगटांना मनगटं टेकवलेली असतात.