नाट्याचे सर आणि दोन वाटांची कविता

उभ्या रत्नागिरीत कौल लावल्याशिवाय छत्रीसुद्धा विकत न घेणारा माणूस एकच होता, आणि आयुष्यातली वाट कशी निवडावी यावरची इंग्रजी कविता खरी समजलेला माणूसही, बाळांनो, तोच होता. तुमच्या आईला पाचवीत इंग्रजी शिकवणारे सर. मूळचे नाटे गावचे, म्हणून आम्ही त्यांना नाट्याचे सर म्हणायचो. त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि पर्यवेक्षिकाही होते. कोणाला कुठला वर्ग द्यायचा, ते मी ठरवायचे.

तुम्हाला कौल ठाऊक नसणार. आपल्याकडे गावात काही ठरवायचं असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे प्रश्न मांडतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. बाकीचे लोक लग्न, विहीर, घर एवढ्यापुरता देवाला त्रास देतात. सर त्याला सुटीच देत नसत. गाव लांब, रोज जाणं होईना, म्हणून पुढे मोबाइल आले तसा त्यांनी गुरवालाही एक घेऊन दिला होता. एकदा दाढ काढायला गेले, तर डॉक्टर चिमटा धरून उभे, सर तोंड उघडं ठेवून फोन कानाला लावलेले, आणि तिकडे पाकळी काही पडेना. बधिर केलेला गाल पुन्हा दुखायला लागला, तेव्हा डावा कौल आला. सर डॉक्टरांचे आभार मानून दाढेसकट घरी आले. आठवड्याने तीच दाढ उजव्या कौलाने निघाली. त्यांच्या पत्नी हसत सांगायच्या, "आमचं लग्न दुसऱ्या कौलाचं. पहिला डावा पडला, तर म्हणाले, गाऱ्हाणं नीट घातलं नव्हतं." सर शेजारीच बसलेले असत. ते गंभीरपणे म्हणत, "नव्हतंच घातलं."

असा माणूस नववीला ती कविता शिकवी. एक प्रवासी रानात दोन वाटा फुटतात तिथे थबकतो, एक धरतो आणि पुढे त्या निवडीबद्दल बोलतो, एवढीच कविता. मी माझ्या तुकडीला ती दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवत असे. प्रवाशाने कमी वापरातली वाट धैर्याने निवडली, म्हणून त्याचं आयुष्य निराळं झालं, तुम्हीही तसेच धीट व्हा. फळ्यावर चार मुद्दे आणि खाली रेघ. सर आपल्या तुकडीला शाळेमागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर नेत. तिथे दोन पायवाटा फुटतात. एकेका मुलाला म्हणत, धर एक. थोडं चालून मूल परत आलं की विचारत, हीच का धरलीस? मुलं कारणं सांगत. इकडे करवंदं होती, तिकडे ऊन कमी होतं. सर विचारत, "हे निघताना ठाऊक होतं, की आत्ता सुचलं?" मुलं मागे वळून पुन्हा वाटांकडे बघत आणि सरांचा चेहरा उजळे. जूनमध्ये पुस्तकं आली की ते पहिलं तेच पान उघडत. वर्षातला तो एक पाठ त्यांचा सण होता.

सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला, प्रवाशाने तीच वाट का निवडली? त्यांच्या अख्ख्या तुकडीने लिहिलं की वाटा दोन्ही सारख्याच होत्या, कारण त्याने मागाहून जोडलं. तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं, याला निम्म्या मुलांनी उत्तर दिलं, कौल लावला असता. शिक्षकांच्या खोलीत हसून हसून आमची पोटं दुखली. मग मी लाल पेन काढलं आणि सगळ्यांना शून्य दिलं.

सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बाई, पोरांचं उत्तर बरोबर आहे."

"गाईडमध्ये तसं नाही, सर."

"गाईडवाल्यानं कविता वाचलीनच नाही."

पालकांच्या तक्रारी आल्या. पुढच्या जूनमध्ये मी नववी एका नव्या बाईंना दिली. त्यांच्याकडे छापील नोट्स होत्या. सरांना पाचवी दिली. त्यांनी वेळापत्रक दोनदा वाचलं, चौघडी केली, खिशात घातलं आणि बरं म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते पाचवीलाच मांजर आणि कुत्र्याची स्पेलिंगं शिकवत राहिले.

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीने तिच्या अभ्यासातली तीच कविता घेऊन मला फोन केला. मी नेहमीचे चार मुद्दे सांगितले. ती म्हणाली, "पण आजी, दोन्ही वाटा सारख्याच होत्या असं तो स्वतःच म्हणतोय की." मी फोन ठेवून जुनं पुस्तक काढलं. म्हणत होता, अगदी स्पष्ट. इतकी वर्षं हातात पेन्सिल धरून मी ती कविता वाचली होती, आणि दर वेळी मधल्या ओळींवरून उडी मारून शेवटाकडे गेले होते.

पुस्तक पिशवीत घालून मी नाट्याला गेले. सर पडवीत बसले होते. फार वाळलेत. मी सगळं सांगितलं, तुमचंच बरोबर होतं म्हणाले. ते नुसते हसले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, "त्या वर्षी यांनी कौल लावला होता, बाई. नववी परत मागू का म्हणून. उजवा पडला होता."

मी सरांकडे पाहिलं. "मग मागितली का नाहीत?"

"देव हो म्हणाला," ते सावकाश म्हणाले, "पण तुमच्या टेबलापर्यंत मलाच चालत यायचं होतं. तेवढा धीर झाला नाही."

मी तेव्हा काय म्हणाले असते, हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. बहुतेक नाहीच म्हणाले असते. पण त्यांना नाही म्हणण्याआधी कदाचित एकदा पुस्तक उघडून पाहिलं असतं.

मी पुस्तक त्यांच्यापुढे केलं. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि सबंध कविता मोठ्याने वाचली. प्रत्येक ओळीला वेळ देत, मधली एकही न गाळता. संपल्यावर सवयीने मान वर करून समोर पाहिलं, कोणाचा हात वर आहे का ते. पडवीत मी एकटीच होते.

मी हात वर केला.

"हं, विचारा," सर म्हणाले. मला विचारायचं काहीच नव्हतं.